‘काय घालू?’ विचारण्याआधी : कुंडीतल्या बागेच्या या चुका टाळा

परसबागवाल्यांच्या कुठल्याही भेटीत रोपांची आणि बियांची देवाणघेवाण होते, चहा होतो आणि मग मोबाइल पुढे येतात. त्यावर पिवळ्या पानांचे फोटो आणि ठरलेला प्रश्न : “पानं पिवळी पडतायत, काय घालू?” घालायचं काय थांबवू, असं मात्र कुणीच विचारत नाही.

कुंडीतली बहुतेक रोपं पाण्यावाचून नाही, पाण्याने मरतात. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या, असा नेम लावून घेतला की अडेनियम आणि कोरफड आधी जातात, बाकीची मागोमाग. मुळांना हवा लागते. मातीतल्या फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे माती चिंब असूनही झाड कोमेजतं. ते तहानलंय असं समजून माणूस आणखी एक तांब्या ओततो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मोसंबीचं कलम आणलं, मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत लावलं. पानं पिवळी पडली. कुणी आंबट ताक सांगितलं, ते झालं. गावाहून मूठभर डीएपी हे रासायनिक खत आलं, तेही पडलं. मग सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी. प्रत्येक गोष्ट ‘मुरावी’ म्हणून वर बादलीभर पाणी. मला बोलावलं तेव्हा काठी तेवढी उरली होती. कुंडी आडवी केली तर गटारासारखा वास आला, आणि तळाला भोकांच्या जागी नुसत्या गोल खुणा! बऱ्याच प्लास्टिकच्या कुंड्या अशाच येतात. भोकं आपण पाडून घ्यायची असतात. काकूंनी त्यावर चार बोटं खडी पसरली होती, निचऱ्यासाठी. कलमाचा वरचा भाग मेला तो मेलाच. ज्या जंबेरीवर, म्हणजे काटेरी जातीच्या लिंबावर, मोसंबीचं कलम बांधलेलं होतं, तिच्या खालच्या खुंटाला काटेरी धुमारे फुटले आणि मोसंबी वाचली म्हणून काकूंनी पेढे वाटले. आता ते काटेरी झाड जोमात आहे. खरं सांगायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.

त्या खडीबद्दल बोलतोच. भोकं पाडलेली असली तरी तळाच्या खडीने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी, ती माती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या जाड खडीत उतरतच नाही. म्हणजे एरवी तळाशी असणारा चिखलाचा थर तुम्ही खडीच्या उंचीइतका वर उचलून मुळांच्या जवळ आणता. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी पालथी ठेवा. तेवढं पुरे.

पाण्याचं माझं वेळापत्रक नाही. बोट दोन पेरं मातीत घालतो. ओल लागली तर पुढच्या कुंडीकडे. लहान कुंडी उचलून वजनावरून कळतं. मे महिन्यात दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा लगेच पाण्याचा डबा घेऊन धावत नाही. संध्याकाळी ती आपली आपण उभी राहिली तर काही बिघडलेलं नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, बाग करणाऱ्यांना तर दुप्पट सांभाळावं लागतं : वरून कोरडं खट्ट, आत ओलं. शिवाय त्यात अन्नद्रव्य जवळपास नसतंच. कोकोपीटची वीट भिजवून, एकदोनदा धुऊन क्षार काढा आणि माती, गांडूळखत, कोकोपीट समभाग घ्या. मी वर मूठभर निंबोळी पेंड घालतो, सवय म्हणून.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे स्वयंपाकघरातले ‘टॉनिक’. दूधसाखरेच्या चहाचा चोथा, केळ्याची सालं, उरलेलं वरण, सगळं थेट कुंडीत. गोडाला मुंग्या येतात. मुंग्या आल्या की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी, कापसासारखी कीड, माजतो, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या त्याला शत्रूंपासून राखतात. मग बाजारातलं सगळ्यात जहाल औषध आणायचं, त्यात ढेकणाला खाणारे मित्रकीटकही मारायचे. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ साली कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि बागा उद्ध्वस्त करत सुटला. तो आटोक्यात आला २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणून सोडलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी कीटकामुळे. घरी मी कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून ढेकूण पुसतो. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणाला आवडत नाही. चोथा, सालं सगळं कंपोस्टच्या डब्यात जाऊ द्या, कोरडा पालापाचोळा भरपूर मिसळा. डब्याला वास येतोय म्हणजे पाला कमी पडतोय.

निंबोळी तेल साबणाच्या थेंबांशिवाय पाण्यात मिसळत नाही, आणि भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. संध्याकाळी मारा.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. ठेवल्या तर झाड बी धरून म्हातारं होतं.

आरओचं टाकाऊ पाणी क्षारांचं असतं, कुंडीवर पांढरी पापडी धरते. एसीचं पाणी चालतं.

मे महिन्यात धने पेरून ‘कोथिंबीर उगवत नाही’ म्हणू नका. थंडीच्या तोंडावर पेरा, धने हलके रगडून दोन फाका करून.

जानेवारीच्या अखेरीला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघून फुलांनी लगडलेला पेटुनिया आणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये ‘माझ्या हाताला गुण नाही’ म्हणत बसू नये. हंगामी झाड आहे ते, ऊन तापलं की जाणारच.

आता गच्चीवाल्यांसाठी. २०० लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून त्यात आंबा लावायची टूम आहे. ओल्या मातीसकट तो दीडशे किलोच्या पुढे जातो. असे पाच ड्रम स्लॅबच्या मधोमध मांडू नका, तुळईवर किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवा. खाली विटा द्या म्हणजे पाणी तुंबत नाही. वॉटरप्रूफिंग आधी तपासून घ्या. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल दिसली की सोसायटीच्या सभेत पहिला ठराव तुमच्या आंब्यावर येतो, मग गळती टाकीची का असेना.