सायकलच्या कस्टम स्टील फ्रेमवर बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग) बसवताना
भावा, फ्रेम हातानं बनवून घेतलीस, आता पार्ट लावायची घाई करू नको. आधी बीबी शेलचे (फ्रेममधली बीबी बसायची नळी) आटे बघ, आत पेंट गेलेला असतोय, तो टॅपनं (आटे पाडायचं हत्यार) साफ केल्याशिवाय कप (बेअरिंगची आटेवाली वाटी) घालायचाच नाही. ६८ मिमीचं बीएसए (आट्यांचं एक ठरलेलं माप) शेल असेल तर चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा, डावीकडं फिरवला की घट्ट होतोय, मी एकदा सवयीनं उजवीकडं जोर लावला आन् दोन आटे खाल्ले, लै शिव्या घातल्या स्वतःला. ग्रीस भरपूर, पहिले तीन-चार फेरे हातानंच. गिअर म्हणशील तर पन्हाळा चढायचाय, पुढं ३४ दात्यांचं चक्र, मागं ३४ दात्यांचं ठेव, मांड्या वाचतील. कार्बन सीटपोस्टला (सीटखालचा दांडा) मात्र ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्टच, आन् टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) छापलेल्या आकड्याच्या वर न्यायचा नाही.