बिर्गित निल्सॉन पहिल्यांदा ऐकायची तर कशी ऐकायची

ऑपेरा म्हटलं की आपल्याकडं पहिली कॉमेंट ठरलेली, बाई किंचाळतेय आणि आवाज थरथरतोय. मीपण हेच म्हणायचो, खोटं कशाला बोलू. अल्लादियाखाँसाहेब जिथं गायले ते कोल्हापूर आपलं गाव, इथल्या देवल क्लबात गाण्याच्या बैठका ऐकून कान तयार झालेले, सूर जरा हलला की जीव वरखाली होतो. म्हणूनच सांगतोय, सुरुवात स्वीडनची ऑपेरा गायिका बिर्गित निल्सॉनपासून करा, कारण हिचा सूर हलत नाही, खालनं घसरत वर जात नाही, थेट जाऊन बसतो.

आधी एक करा, मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात लावू नका. आवाज एवढा तिखट की त्या बारक्या स्पीकरवर नुसतं पत्रा वाजवल्यासारखं वाटतं. चांगला हेडफोन नाहीतर घरचे मोठे स्पीकर, आणि आवाज सुरुवातीला कमी ठेवा, हळू म्हणून वाढवायला जाल आणि वरची जागा आली की दचकाल.

दुसरं म्हणजे ऐकताना माइक डोक्यातनं काढून टाका. समोर शंभरेक वादक, त्यात पितळी भोंगे, मागं तीन-चार हजार लोकांचं थेटर आणि बाईंच्या पुढं माइक नाही. आपल्याला हे कळायला सोपं आहे, कारण संगीत नाटकातले केशवराव भोसले पण बिनमाइकचेच गायचे आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे. यात नुसता जोर नसतो हां. आपला कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तल्लख असतो आणि ऑर्केस्ट्राचा भर त्याच्या बराच खाली असतो, ज्याच्या आवाजात वरची धार आहे तो त्या फटीतनं बाहेर पडतो. निल्सॉनबाईंकडं ती धार भरपूर.

माहिती एवढी पुरे. जन्म १७ मे १९१८, दक्षिण स्वीडनमधल्या वेस्त्रा कारुपच्या शेतकऱ्याची एकुलती एक लेक, बीट-बटाटे काढत वाढली, बापाला वाटायचं हिनं शेतीच बघावी. १९४६ ला स्टॉकहोमच्या ऑपेरात एक गायिका आजारी पडली, हिला तयारीला मिळाले तीन दिवस आणि तशीच उभी राहिली. १९५८ ला मिलानचं ला स्काला, १९५९ ला न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, म्हणजे कुस्तीला जसं आमचं खासबाग मैदान, तसंच हे ऑपेराचं की.

आता काय लावायचं. जर्मन संगीतकार वाग्नरचे ऑपेरे आधी लावू नका, चार-चार तासांचं प्रकरण असतं, पहिल्याच दिवशी पळून जाल. इटलीच्या पुच्चिनीचा ‘तुरांदोत’ हा ऑपेरा घ्या, त्यातलं दुसऱ्या अंकातलं ‘इन क्वेस्ता रेज्जा’, सहा-सात मिनिटांचा मामला. गोष्ट एवढीच, राजकन्या लग्नाला येणाऱ्याला तीन कोडी घालते, चुकला की मुंडकं उडालं. पहिल्या अंकात ती एक सूर गात नाही आणि दुसऱ्यात आली की डायरेक्ट हे. १९५९ चं रेकॉर्डिंग शोधा, त्यात नायक पण स्वीडनचाच, युस्सी ब्योर्लिंग. पहिल्यांदा अर्थ वाचू नका, नुसती वरची जागा ऐका, आणि दुसऱ्यांदा अर्थ समोर ठेवून.

हे पचलं की मग वाग्नर, पण शेपटाकडनं. ‘ट्रिस्टान उंट इझोल्ड’चा शेवट, जर्मनीत बायरॉइटला १९६६ मध्ये कार्ल ब्योम या संचालकानं वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग, निल्सॉनबाई त्यात नायिका इझोल्ड. सात मिनिटं सूर नुसता चढत जातो, समेवर येतोय येतोय म्हणत लांबतच राहतो, ख्यालवाल्या माणसाला हे बरोबर कळतं, घाई करू नका.

या इझोल्डचाच किस्सा आहे. २८ डिसेंबर १९५९, मेटमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या मेट्रोपॉलिटनमध्ये, तिच्यासमोर नायक म्हणून गायचे तिन्ही टेनर (वरच्या पट्टीत गाणारे पुरुष गायक) आजारी. शेवटी एकेकानं एकेक अंक गायला, आणि इझोल्ड मात्र तीच, तिन्ही अंक. इझोल्ड गायला काय लागतं असं विचारलं तर बाई म्हणायच्या, आरामशीर बूट. पुढं कारायान या संचालकानं स्टेजवर फारच अंधार केला तर तालमीला खाणकामगाराचं दिव्याचं हेल्मेट घालून आल्या, वर पंख पण लावलेले. स्वभाव म्हणाल तर पक्का कोल्हापुरी.

रेकॉर्डिंगमध्ये हा आवाज पूर्ण सापडत नाही असं प्रत्यक्ष ऐकलेले लोक म्हणतात, मला पटतं, म्हणून स्टुडिओपेक्षा लाइव्ह रेकॉर्डिंगं जास्त ऐका.

व्हिडिओ सगळ्यात शेवटी. १९८० चा मेटमधला ‘एलेक्ट्रा’ हा ऑपेरा बघा, बाई तेव्हा ६१ वर्षांच्या, जवळजवळ पूर्ण वेळ स्टेजवर. सबटायटल लावा, रात्री बघणार असाल तर खिडक्या लावून घ्या, आमच्या शेजारच्या काकू विचारायला आल्यावत्या, घरात सगळं ठीक आहे ना.