व्हॉलंटियरांचा ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवताय? मग या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ऑफिसातलं प्लॅनिंग जसंच्या तसं इकडे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्टमध्ये, आणणं. ज्याला आपण एक रुपया देत नाही, जो पोरं झोपल्यावर रात्री तासभर लॅपटॉप उघडतो, त्याला "शुक्रवारपर्यंत पाहिजे" म्हणायचं कुठल्या तोंडाने? फीचर्सची यादी ठरवून बसलात की रिलीज लांबतच जातं. डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे सुद्धा "तयार होईल तेव्हा" म्हणत बसले होते, 3.0 आलं जुलै 2002 ला आणि 3.1 थेट जून 2005 ला. डेबियनवरच बेतलेल्या उबंटूने 2004 पासून उलटं केलं, दर सहा महिन्यांनी रिलीज, जे तयार आहे ते जाणार, बाकीचं पुढच्या गाडीने. छोट्या प्रोजेक्टला पण हेच झेपतं.

कोणीतरी उत्साहाने "मी करतो" म्हणून इश्यू (यादीतलं एखादं काम) घेतो आणि गायब. दोन आठवडे थांबा, एकदा प्रेमाने विचारा, मग सरळ नाव काढून इश्यू मोकळा करा, भिडेपोटी अडवून ठेवू नका.

आता खरं दुखणं, सगळा भार एकाच माणसावर. एक्सझेड यूटिल्स या फाइली लहान करायच्या टूलचं काय झालं आठवतंय ना? एकटा दमलेला मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा), वर लोकांचा तगादा की काम हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला तरी घ्या. मग "जिया टॅन" नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून काम करत विश्वास कमावला आणि 2024 मध्ये बॅकडोअर (चोरवाट) घुसवलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरणं) अर्धा सेकंद स्लो वाटलं म्हणून! म्हणजे जोडीदार हवाच, पण तो आपण अजून ताजेतवाने असताना शोधायचा, दमल्यावर कोणी मागे लागलं म्हणून नाही.

नेता गेल्यावर काय, हेही आधीच लिहून ठेवा. पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा बनवणाऱ्या खीदो फान रॉसमने जुलै 2018 ला प्रमुखपद सोडलं, पीईपी 572 या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या भांडणाला वैतागून, आणि वारसही नेमला नाही. पुढे निर्णय कोण घेणार हे ठरवायलाच डिसेंबर उजाडला, मग मतदान होऊन पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल ठरली. एवढी मोठी कम्युनिटी होती म्हणून निभावलं.

शेवटची चूक आमचीच: डोमेन (साइटचा पत्ता) एका मित्राच्या कार्डावर होतं. कार्ड एक्स्पायर झालं, साइट बंद, आणि साहेब हिमालयात ट्रेकला. आता लॉगिन तिघांकडे आहे.