बंडूमामाचं नाव डेटाबेसात चढवताना

बंडूमामा कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत लाइटबॉय होता. तो गेल्यावर एका दुपारी, मंगळवार पेठेतल्या घरी चहा गाळता गाळता मामीनं विचारलं, "त्या सिनेमाच्या साईटवर सगळ्यांची नावं हैत, ह्येंचं का न्हाई रे?" लगेच बसलो. माझी नोंद दोनदा परत आली, आणि आता कळतंय की ती परत आली तेच बरं झालं. तुम्हाला घरातल्या कुणाचं नाव चढवायचं असेल तर माझ्या चुका आधी वाचा.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. डेटाबेसला नावाशी देणंघेणं नसतं, नंबराशी असतं. आयएमडीबीत, म्हणजे मामी म्हणत होती त्या सिनेमाच्या साईटवर, चित्रपटाचा नंबर 'टीटी'नं सुरू होतो, माणसाचा 'एनएम'नं. विकिडेटात, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडात, सगळ्यांनाच 'क्यू'. आता आपलाच 'सावकारी पाश' घ्या. बाबूराव पेंटरांनी तो १९२५ साली मूकपट म्हणून केला आणि १९३६ साली पुन्हा बोलपट म्हणून. नाव तेच, दिग्दर्शक तेच, पण चित्रपट दोन, म्हणून नंबरही दोन. घाईत भलत्या नंबराला नाव चिकटवलंत तर मूकपटाला गायक मिळेल!

उलटंही होतं. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'चे संगीतकार 'आनंदघन'. म्हणजे लता मंगेशकर, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण म्हणून 'आनंदघन' नावाचं नवं पान उघडायचं नाही. श्रेय लताबाईंच्याच नंबराला जोडायचं आणि शेजारी 'आनंदघन या नावानं' अशी टीप द्यायची. मी नेमकी इथंच माती खाल्ली. मामा एका चित्रपटात 'बंडा जाधव', दुसऱ्यात नुसता 'जाधव'. मी दोन माणसं केली. मामाला कळलं असतं तर म्हणाला असता, पगार तरी दोन द्यायचा होता.

तर कामाची रीत अशी. चित्रपट लावा, टायटल्स आली की थांबवा आणि मोबाइलवर प्रत्येक पाटीचा फोटो काढा. आठवणीवर जाऊ नका, पोस्टरवर तर अजिबात नको. पडद्यावर नाव चुकीचं छापलं असेल तर टिपेत ते तसंच चुकीचं लिहा. सुधारायचा हात आवरा. ज्याचं नाव पडद्यावर नाहीच, त्याच्यापुढं 'श्रेय न दिलेला' अशी खूण असते, पण त्याला पुरावा लागतो. "आमच्या मामीला माहीत आहे" हा पुरावा चालत नाही, मी पाठवून बघितलाय.

मग शोध घ्या, आणि इथं वेळ घालवा. मराठी नाव रोमन लिपीत गेलं की त्याची पाच रूपं होतात: 'व'ला कुणी व्ही लावतो, कुणी डब्ल्यू, 'ई'ला कुणी एक आय, कुणी दोन ई. सगळी रूपं टाकून बघितल्याशिवाय नवीन पान उघडू नका.

साल लिहिताना चित्रीकरणाचं नाही, सेन्सॉर सर्टिफिकेटवरचंही नाही. लोकांना पहिल्यांदा दाखवला ते साल.

आयएमडीबीत तुमची नोंद आधी तपासली जाते, मगच दिसते. विकिडेटात लगेच दिसते, त्यामुळे तिथं संदर्भ जोडायची जबाबदारी तुमची. बाकी आयएमडीबी उभी राहिली ती हौशी लोकांच्या याद्यांवरच. १९९० साली कोल नीडम आणि त्याच्यासारख्या सिनेवेड्यांनी अशा याद्या एकत्र केल्या, १९९८ साली ॲमेझॉननं ती साईट विकत घेतली. आपल्याकडच्या याद्या अजून घराघरातल्या ट्रंकेत आहेत.

तिसऱ्यांदा नोंद टिकली. एक नंबर, दोन चित्रपट, एका ठिकाणी 'बंडा जाधव या नावानं'. मामीला दाखवलं. तिनं चष्मा पुसून दोनदा वाचलं नि म्हणाली, "फेट्यातला फोटो कुठं लावायचा ह्यात?"