जुन्या स्प्लेंडरमधून ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी हे बघा

इंजिन खालून ओलं दिसलं की गॅरेजमध्ये पहिला संशय ड्रेन नटावर, म्हणजे ऑइल काढायच्या तळाच्या बोल्टवर, जातो. १०० सीसी स्प्लेंडरचा सिलिंडर जवळपास आडवा असतो, त्यामुळे एक टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं गोल झाकण) हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकाच्या भागाच्या, वर तर दुसरं त्याच्या पोटाखाली येतं. या खालच्या कव्हरची ओ-रिंग (रबरी कडं) कडक झाली की ऑइल थेंबाथेंबाने खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं आणि क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) बुडाशी साठतं. मग ड्रेन नट बिचारा विनाकारण आवळला जातो.

म्हणून आधी धुलाई. थंड इंजिन रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने घासून काढा, विशेषतः हेडच्या फिन्समधली (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्यांमधली) माती आणि पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या कव्हराआतला चिकटा. फडक्याने पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा-बारा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च लावून बघा. पावडर काळी पडलेल्या जागांपैकी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा खरी. तिच्या खाली-मागे दिसतं ते फक्त ओघळ. (विकायला आणलेल्या गाडीचं इंजिन नको इतकं चकचकीत असेल, तर हीच फेरी व्यवहाराआधी मारा.)

सुटे भाग आणण्याआधी दोन फुकटच्या तपासण्या करा. पहिली ऑइलच्या पातळीची. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, गाडी मेन स्टँडवर उभी ठेवा. डिपस्टिक पुसून आत टेकवा, आटे फिरवू नका. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढा. बाटली लिटरची आहे म्हणून सगळी ओतायची नसते. दुसरी तपासणी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या, पाईपची. तो दुमडलेला, चिखलाने बुजलेला किंवा कुंभारमाशीने घर केलेला असेल, तर आतल्या वायूला वाट राहत नाही आणि तो सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. पाईप मोकळा असूनही त्यातून जोराने धूर येत असेल आणि सायलेन्सरही निळा धूर टाकत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडर) गेलाय. अशा इंजिनात नवीन सीलही फार टिकणार नाही.

टॅपेट कव्हरचं काम सोपं आहे. १७ नंबरच्या पान्याने कव्हर खोला, चपटी झालेली ओ-रिंग फेका, नवीनला ऑइल लावून बसवा आणि बेताने आवळा. आटे अॅल्युमिनियमचे आहेत.

ड्रेन नट खरंच गळत असेल तर वॉशर बदला. चेपलेला वॉशर तसाच ठेवून नटावर जोर काढला की आटे जातात. १२ मिमीच्या या नटाला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

डाव्या बाजूला पुढच्या स्प्रॉकेटमागे ओलं असेल तर आधी बोटाला लावून हुंगून बघा, बऱ्याचदा ते चेनला मारलेलंच वंगण असतं. ऑइलच असेल तर चेन सैल करा, १० नंबरचे दोन बोल्ट काढून स्प्रॉकेट अडवणारी पट्टी फिरवा आणि स्प्रॉकेट ओढून घ्या. आता शाफ्ट धरून वर-खाली हलवा. ठळक खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय आणि नुसतं सील बदलून उपयोग नाही. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अति ताणलेली चेन, तिला २० ते ३० मिमी ढील हवी. खेळ नसेल तर जुनं सील हुकाने काढा, शाफ्टला ओरखडा जाऊ देऊ नका. शाफ्टच्या दातांवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि सीलच्याच मापाच्या सॉकेटने सगळीकडून सारखं ठोकत बसवा. शाफ्टवर जुन्या ओठाने चर पाडला असेल आणि त्यात नख अडकत असेल, तर जागा असल्यास सील मिलिमीटरभर अलीकडे ठेवा, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर टेकेल. हे काम लांबवू नका, इथलं ऑइल चेनवरून मागच्या टायरपर्यंत पोचतं.

उजवीकडे किक शाफ्टभोवती ओल असेल तर सील, कव्हराच्या कडेने असेल तर क्लच कव्हरचं पॅकिंग. ऑइल काढून ८ नंबरचे स्क्रू खोला. ते लहान-मोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. जुनं पॅकिंग ब्लेड आडवं धरून खरवडा, स्क्रू-ड्रायव्हरने पडलेल्या खाचेतून नवं पॅकिंगही गळतं. डॉवेल पिना (कव्हर नेमकं बसवणाऱ्या छोट्या नळ्या) जागेवर आहेत ना बघा, मग समोरासमोरचे स्क्रू जोडीने आवळा, १० न्यूटन-मीटरच्या आसपास. पॅकिंगऐवजी नुसता सिलिकॉन थापणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा: आत दाबला गेलेला सिलिकॉन सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो आणि मग वर हेडला ऑइल पोचत नाही.

हेड आणि बोअरच्या सांध्यातून गळत असेल तर नट नुसते आवळून बघू नका. हेड उतरवा, काचेवर ठेवून सपाट आहे का तपासा, पॅकिंग आणि ओ-रिंगा नव्या घाला. नटांखालचा तांब्याचा वॉशर ज्या स्टडवर होता त्याच स्टडवर गेला पाहिजे.

काम झाल्यावर रात्रभर इंजिनखाली कोरा पुठ्ठा ठेवा. ५० किलोमीटरनंतर तीच पावडर पुन्हा भुरभुरवा आणि डिपस्टिक बघा.