ग्रेट डेन, सेंट बर्नार्डचं पिल्लू घरात असेल तर कंबरेच्या सांध्याकडे पहिल्यापासून बघा
ही पिल्लं वर्षात एवढी मोठी दिसतात की वाटतं झाली वाढ, पण हाडं पक्की व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, तोवर जिने, उंचावरून उड्या, जबरदस्तीचं पळणं नकोच.

सगळ्यात महत्त्वाचं वजन. बरगड्यांवर हात फिरवा, न दाबता एकेक बरगडी बोटाला लागली पाहिजे, लागत नसेल तर खाणं कमी करा, ते कितीही केविलवाणं बघू दे. आणि कॅल्शियमची पावडर वरून अजिबात घालू नका, पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम आवरता येत नाही आणि हाडंच बिघडतात, त्यापेक्षा मोठ्या जातीच्या पिल्लांचं फूड द्या, बास.

पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतंय, बसलेलं उठताना आधी पुढचे पाय रोवून मग मागचा भाग ओढतंय, असं दिसलं की व्हेटकडे जाऊन एक्स-रे काढा. थांबू नका प्लीज, कुत्रं दुखणं लपवतं.

गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका. पोहणं उत्तम. आपली आयब्युप्रोफेन वगैरे गोळी चुकूनही देऊ नका, विषबाधा होते.