फॉरवर्डला शिव्या घालण्याआधी: हल्ला अडवणाऱ्या या चुका टाळा

गोल होत नाही म्हटलं की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून पहिल्या शिव्या फॉरवर्डला. त्याच्यापर्यंत बॉल पोचतोय का, पोचतो तेव्हा त्याच्या अंगावर किती जण असतात, हे बघायला सवड कुणाला? वर्षानुवर्षं तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचेस बघतोय, पोरं शिकवतोय. चुका त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक: जिथं बॉल तिथं सगळे. एका फायनलला आमचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेनं खेळणारा, चांगला पळणारा होता. समोरच्यांनी नऊ-दहा जण बॉक्सपुढं बसवलेले. जरा वेळ बॉल आला नाही की हा गडी मागायला मध्यात. त्याच्या मागोमाग त्याला धरणारा बॅकही आत. मध्ये इतकी गर्दी, की आमचेच दोघं एकमेकांना धडकून बॉल घालवून बसले. हाफटाइमला विचारलं, "बाहेर का थांबत नाहीस?" म्हणाला, "सर, बॉलच येत नाही."

अरे, तू लाइनीला थांबलास की तुझ्यावरचा बॅक बाहेर ओढला जातो आणि मध्ये फॉरवर्डला वाट मिळते. बॉल न लागताही तुझं काम चालू असतं. पण एवढा धीर धरतो कोण? रीलमध्ये टाकायला ड्रिबल हवा ना! सेकंड हाफलाही तेच. शेवटी मध्यात हिसकावलेल्या बॉलवर समोरच्यांनी गोल मारला आणि कप घेऊन गेले.

तेव्हापासून प्रॅक्टिस संपली की मी विंगरचे बूट बघतो. साइडलाइनची फक्की लागलेली दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी गोलमागचे बॉल आणायचं काम त्याचं. यात शास्त्र-बिस्त्र काही नाही, पण लक्षात राहतं.

पास भरपूर झाले म्हणजे हल्ला झाला, हाही एक गैरसमज. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेननं मोरोक्कोविरुद्ध 120 मिनिटांत हजारावर पास खेळले. गोल शून्य. शूटआउटमध्ये तिन्ही पेनल्टी वाया, सरळ घरी. बहुतेक पास मोरोक्कोच्या रांगेसमोरून आडवे. रांगेमागं धावणारे विरळाच. तुमच्या टीममध्ये पास दिल्यावर जो उभा राहतो, त्याला आधी पळवा.

बॉल यायच्या आधी मागं वळून न बघणं हा तर रोगच. पाठीवर डिफेंडर आहे की मोकळी जागा, हे बॉल पायात आल्यावर कळून काय उपयोग? मी पोराच्या मागं उभा राहून बोटं दाखवतो. पास त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्यानं आकडा ओरडायचा. चुकला की पुन्हा. कंटाळवाणं आहे, दुसरा सोपा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

गॅलरी "मार, मार" ओरडली म्हणून तीस मीटरवरून मारू नका. गॅलरीला दोन्ही बॉक्स सारखेच दिसतात.

कॉर्नर पहिल्याच डिफेंडरच्या डोक्यावर जात असेल तर कॉर्नर घेणारा बदला. मानपान नंतर.

आणि थ्रो-इनवरून थेट येणाऱ्या बॉलला ऑफसाइड (डिफेंडरांच्या रांगेमागं आधीच जाऊन पास घेण्याची चूक) नसतो. गोल किक आणि कॉर्नरलाही नसतो. तरी आमचे फॉरवर्ड थ्रोच्या वेळी डिफेंडरच्या रांगेत शहाण्यासारखे उभे! जा की त्यांच्या मागं, लाइन्समन झेंडा उचलणार नाही.